कमिटीपुढे काय नेसून जायचं

फणसाचा मोसम संपला तरी आठळ्या घरात महिनोन्‌महिने सापडत राहतात, तसे आमचे हे किस्से. आम्ही चौघी म्हणजे मी, गोदी, येसू आणि अंबूताई. रत्नागिरीत एकाच आळीत राहायचो आणि मुलींच्या एकाच शाळेत शिकवायचो. दोघी भेटलो की एक किस्सा निघतो. चौघी भेटलो की चहा गार होतो.

वीस-तीस सालच्या त्या काळात आमच्याकडे नोकरीची मुलाखत असं कुणी म्हणत नसे. 'कमिटीपुढे जाणं' म्हणत. कमिटीत तिघं जण. पेन्शनीत निघालेले मामलेदार रावसाहेब, वयानं वडील आणि वळणानं जुने. दुसरे वकील, मुंबईत शिकून आलेले सुधारक. आणि तिसरे डॉक्टर. त्यांना कायम दवाखान्यात परत जायची घाई.

मुलगी लग्नासाठी दाखवायची तर काय नेसवायचं, हे प्रत्येक आईला पाठ होतं. नोकरीसाठी दाखवायची तर काय नेसवायचं, हे अख्ख्या रत्नागिरीत कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळा घोळ तिथनंच सुरू झाला.

*

पहिली गेली गोदी. आमच्यात तीच धीट. बाईनं पायात वहाणा घालणं म्हणजे तेव्हा गावभर चर्चा. पण गोदी म्हणाली, "मास्तरीण अनवाणी कशी जाईल गो?" आणि तिनं भावाच्या मुंबईहून आणलेल्या वहाणा चढवल्या. मोठ्या होत्या म्हणून पुढे चिंध्या कोंबल्या.

शाळेच्या पडवीत त्या काढून ती आत गेली. पाढे म्हणून दाखवले, कविता म्हटली. रावसाहेब मध्येच उठून घरी गेले, पण ते जेवणाच्या वेळेला तसे जातच असत. गोदी बाहेर येऊन बघते तो वहाणा गायब, आणि त्यांच्या जागी चोचीचे जाडजूड लाल जोडे. रावसाहेबांची नजर जरा अधू होती.

ते जोडे हातात धरून गोदी भर बाजारातून अनवाणी घरी आली. ज्या चर्चेला ती भीत नव्हती, ती झालीच, आणि तीही वहाणांशिवाय.

संध्याकाळी शाळेचा शिपाई दारात. "रावसायबांनी जोडे मागवलेत. आणि उद्यापासून कामावर या म्हणालेत."

"आणि माझ्या वहाणा?"

शिपाई जरा घुटमळला. "त्या पायाला बऱ्या वाटतात म्हणाले. थोडे दिवस राहू देत."

*

येसूचा प्रश्न पदराचा होता. ती इतकी भित्री की देवळातली घंटासुद्धा हळू वाजवायची. आईनं बजावलं, "पदर डोक्यावरून ढळू देऊ नकोस. रावसाहेब बसलेत तिथे." गोदीनं बजावलं, "उघड्या डोक्यानं जा. वकिलांना घुंगटवाल्या बायका चालत नाहीत."

येसूला दोघींनाही दुखवायचं नव्हतं आणि नोकरीही हवी होती. वडील आजारी, भाऊ लहान. तिनं आपल्यापुरती वाट काढली. रावसाहेबांनी प्रश्न विचारला की ती पदर डोक्यावर घ्यायची. वकिलांनी विचारला की खांद्यावर सोडायची. रावसाहेबांनी कोकणातल्या नद्या विचारल्या, पदर वर. वकिलांनी त्रैराशिक घातलं, पदर खाली. मग दोघं एकदम बोलायला लागले, आणि येसूचा हात अर्ध्यावरच राहिला. पदर धड इकडे नाही, धड तिकडे नाही.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "बाई, आता मी विचारतोय. माझं पदराबाबत काही मत नाही. तुम्ही नुसतं उत्तर द्या."

येसू सांगते, आयुष्यात तिला इतकं मोकळं कधीच वाटलं नव्हतं. सगळी उत्तरं बरोबर आली.

*

माझ्या वेळी आईनं विचार केला की कपड्यांचं कुणालाच कळत नाही, तर निदान केस तरी चांगल्या घरातल्या मुलीचे दिसावेत. सुरंगीचे दिवस होते. आईनं माझ्या अंबाड्यावर सुरंगीचा भरगच्च वळेसर माळला. ज्यांनी सुरंगीचं झाड बघितलंय त्यांना ठाऊक आहे, की त्या वासाला माणसाच्या आधी मधमाश्या येतात.

एक माझ्या मागोमाग खोलीत शिरली. मला दिसत नव्हती. मी खाली मान घालून बसले होते, लग्नाच्या वेळी बसायला शिकवतात तशी.

वकिलांनी विचारलं, "हिंदुस्थानातली मोठी बंदरं सांगा."

मी म्हटलं, "कराची, मुंबई." वकील खुर्चीवर चढून उभे राहिले. मला वाटलं काहीतरी चुकलं. म्हटलं, "मद्रास?" डॉक्टर टेबलाखाली गेले. मला रडूच यायला लागलं. तरी मी कलकत्ता सांगितलं आणि डोळे मिटून घेतले.

मग रावसाहेबांचा आवाज आला. त्यांनी डोक्यावरून उपरणं घेतलं होतं आणि ते आतूनच बोलत होते. "घ्या हिला. पण बाई, शाळेत येताना अबोली माळत जा. तिला वास नसतो."

*

पुढे काही वर्षांनी फुग्याच्या बाह्यांची पोलकी आली. गोदीची धाकटी बहीण शशी कमिटीपुढे जायला निघाली, ती तसल्या पोलक्याचा हट्ट धरूनच. शिंप्यानं फुगे शिवले खरे, पण आपल्या दमट हवेत ते तासाभरात बसायचे. शशीनं दोन्ही बाह्यांत वर्तमानपत्र कोंबलं.

तिला फळ्यावर लिहून धडा शिकवायला सांगितला. ती हात वर करी, बाही कुरकुर वाजे. रावसाहेबांनी दोनदा खिडकीबाहेर बघून विचारलं, "पाऊस आला काय?"

शेवटी वरच्या ओळीपर्यंत हात नेताना शिवण उसवली आणि कागदाचा बोळा वकिलांच्या पुढ्यात पडला. शशी थिजलीच. वकिलांनी तो उचलला, मांडीवर सरळ केला आणि वाचायला लागले. तेव्हा वर्तमानपत्रं बोटीनं यायची आणि घरोघर फिरायची.

"हा मंगळवारचा अंक," वकील म्हणाले. "माझ्यापर्यंत आलाच नाही. दुसऱ्या बाहीत काय आहे?"

"बाजारभाव," शशी पुटपुटली.

रावसाहेब पुढे सरसावले. "मग तीही काढ पोरी. नारळाचा भाव बघायचाय."

*

आता अंबूताईचं. ती आमच्याहून वयानं मोठी. ऐन विशीत विधवा होऊन मंडणगडच्या सासरहून रत्नागिरीला भावाकडे आली होती आणि तिथे राहून परीक्षा पास झाली होती. नोकरी मिळाली नाही तर दीर येऊन तिला परत नेणार, हे ठरलेलं. परत म्हणजे कायमचं चुलीपाशी.

कपाळावर कुंकू नाही, हातात बांगडी नाही, अंगावर पांढरं लुगडं. असली बाई मुलींसमोर उभी करायची का, याची गावात कुजबूज होतीच. गोदी म्हणाली, "अंबूताई, माझं निळं लुगडं नेस. निदान काठ तरी दिसेल."

अंबूताई म्हणाली, "आहे तेच नेसते. उद्या घेतलंच त्यांनी, तर रोज कुणाकुणाची लुगडी मागत फिरू?"

पांढरं स्वच्छ लुगडं, मनगटापर्यंत बाह्या, डोळ्यांना चष्मा, हातात छत्री. अशी ती वेळेच्या आधीच पोचली. मी तेव्हा शाळेत लागले होते, त्यामुळे शेजारच्या वर्गाच्या खिडकीतून मला सगळं दिसत होतं. उमेदवाराच्या खुर्चीचा पाय मोडलेला होता, म्हणून अंबूताई टेबलापलीकडे, कमिटीच्या मधल्या खुर्चीवर बसली.

आधी आणखी दोन उमेदवार मुली आल्या. त्यांनी तिला वाकून नमस्कार केला. तिनं नावं विचारली, त्यांनी सांगितली. मग डॉक्टर घाईघाईनं आले, दारातच थबकले, टोपी सारखी केली आणि गुपचूप बाजूच्या खुर्चीवर बसले. वकील आले. त्यांनी कोटाची बटणं लावली आणि डॉक्टरांच्या कानात विचारलं, "मुंबईहून इन्स्पेक्टरीणबाई येणार होत्या काय?" डॉक्टर म्हणाले, "मला कुणी कळवलं नाही."

बऱ्याच उशिरानं रावसाहेब आले, धापा टाकत. अंबूताईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"उशीर झाला?"

रावसाहेबांनी पगडी सावरली आणि हात जोडले. "होय बाई. हातखंब्याला गाडीचं चाक निखळलं. पुन्हा नाही व्हायचं असं."

"बरं," अंबूताई म्हणाली. "बसा."