धर्मराज मैदानात का उतरला नाही

माझा मुलगा धर्मराज नागपूरहून अमेरिकेतील नोव्हाय या गावी येऊन स्थायिक झाला. तो एका मोटार कंपनीत अभियंता आहे. हाताखालच्या माणसांच्या कामाला दरवर्षी शेरा देणे हा त्याच्या नोकरीचा भाग आहे आणि ती सवय तो घरीही आणतो. भाजीलासुद्धा तो ‘अपेक्षेप्रमाणे’ किंवा ‘अपेक्षेहून कमी’ असे म्हणतो. आम्ही ते हसून सोडून देत असू.

त्याचा मुलगा शिव हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात टाइट एंड आहे. या खेळाडूला दोन कामे असतात: समोरच्यांना अंगावर घेऊन अडवणे आणि संधी मिळाल्यास चेंडू झेलणे. शिव चांगला उंच आहे. म्हणून पोरगा मैदान गाजवणार, असे धर्मराजने सर्वांना आधीच सांगून ठेवले होते. प्रत्यक्षात या हंगामात शिवच्या हाती चेंडू फारसा आलाच नाही.

ऑक्टोबरातील एका रविवारी आमच्या घरी बुद्धवंदना झाली. जेवताना धर्मराजने सामन्याचे चित्रण टीव्हीवर लावले. त्याचा मित्र अतुल म्हणाला, “अरे, ब्लॉक किती मस्त करतोय बघ. त्याच्यामुळे तर बॉल घेऊन पळणाऱ्याला वाट मिळाली.”

“ब्लॉक करायला भिंतपण चालते यार,” धर्मराज म्हणाला. “एवढी उंची काय पंख्याची धूळ पुसायला दिली? माझ्या टीममध्ये असता ना, तर रेटिंग खालचंच दिलं असतं!”

सर्वजण हसले आणि त्यांत मीही होते. शिव तेथेच वरणभात खात होता. इकडची मुले इंग्रजीत उत्तरे देतात, म्हणून त्यांच्यासमोर मराठीत काहीही बोलले तरी चालते, असा आपल्या लोकांचा समज आहे.

शिवने चमचा खाली ठेवला. “बाबा, मला सगळं कळतं,” तो मराठीत म्हणाला. “लहानपणापासून कळतं.”

धर्मराजने टीव्ही बंद केला.

हंगामाच्या शेवटी येथे ‘सीनियर नाइट’ असते. शाळेच्या शेवटच्या वर्षातील खेळाडू आईवडिलांना सोबत घेऊन मैदानात चालत जातात. धर्मराजने त्यासाठी नवे जाकीट आणले होते. आदल्या दिवशी शिव त्याला म्हणाला, “आय विल वॉक विथ मॉम. जस्ट मॉम.”

“ओके,” धर्मराज म्हणाला. त्याने जाकीट पुन्हा कपाटात ठेवले.

शुक्रवारी तो वर बाकावर माझ्याशेजारी बसला. खाली शिव प्रणिताचा, म्हणजे त्याच्या आईचा, हात धरून चालला. त्याचे नाव पुकारले गेले. धर्मराजने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

तेवढ्यात अतुल आला. “अरे, तू इथे काय करतोयस? खाली जा ना! गुडघा दुखतोय का परत?”

सबब आयतीच मिळाली होती. तो मान डोलावेल, असे मला वाटले.

“नाही रे,” धर्मराज म्हणाला. आजूबाजूला बसलेल्या आपल्या लोकांना ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने म्हणाला. “मी सगळ्यांसमोर त्याचा अपमान केला. म्हणून त्याने मला नेलं नाही.”

अतुल आमच्याजवळ बसला. सामना सुरू झाला, लोक ओरडू लागले, तरी धर्मराजची मान बराच वेळ वर झाली नाही.