चारास एक

सातवीच्या पुस्तकात गुणोत्तर-प्रमाणाच्या धड्याला सरबताचं उदाहरण होतं. एक पेला साखरेला पाच पेले पाणी, तर चार पेले साखरेला पाणी किती? मी ते फळ्यावर लिहिलं आणि वर्गाकडं वळले. बस्करांवर अडतीस पोरं बसलेली, ओठ उललेले. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, एवढं पानी असल्यावर सरबत कशाला करायचं? तसंच प्यावं की."

सगळा वर्ग हसला. मी छडी आपटली. विनोद झाला असं मला वाटलं. तो विनोद नव्हता हे कळायला मला आणखी महिना लागला, आणि त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

लातूर नवा जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याला मास्तर हवे होते, म्हणून हदगावकडच्या माझ्यासारख्या मुलीला डी.एड. झाल्या झाल्या इकडं नोकरी मिळाली. किल्लारीच्या अलीकडं एका फाट्यावर एसटी सोडायची, तिथून कोसभर चालत गाव. कागदपत्रं अजून जुन्या जिल्ह्यातून येत होती. कुठलीही गोष्ट विचारली की उत्तर ठरलेलं, "फाईल अजून तिकडंच हाय." टँकर मात्र आला होता. सलग दोन वर्षं पाऊस दडी मारून बसल्यावर गावातल्या विहिरींचे तळ दिसायला लागले, तेव्हा दिवसाआड एक टँकर मंजूर झाला होता.

उशिरा येणाऱ्याला दाराबाहेर उभं करायची माझी शिस्त होती. एक मुलगी आठवड्यातून तीन दिवस दाराबाहेरच असायची. गावाच्या उताराला ओढ्यापलीकडं जी वस्ती होती तिथली. बारीक, सावळी, एका हाताला सतत खरचटलेलं. बाहेरूनच ती फळ्यावरचं वहीत उतरवून घ्यायची. मी गुणोत्तराचा नियम पोरांकडून घोकून घेत होते, "टोकांचा गुणाकार बरोबर मधल्यांचा गुणाकार." पोरं तालात म्हणायची आणि उदाहरण दिलं की एकालाही जमायचं नाही. एक दिवस चिडून मी बाहेरच्या त्या मुलीला विचारलं, "तुला तरी येतंय का काही?"

ती म्हणाली, "बाई, टँकर आला की मी हौदापाशी थांबते. आमच्या वस्तीत पंचवीस घरं हायत. टँकर आधी वरच्या गल्लीत रिकामा होतो, मग राहिलेलं आमच्या हौदात. वर जास्ती अन् खाली कमी, हे तर समद्यांना दिसतंय. पण किती पट कमी, ते तुमच्या गणितानं काढता येतं का?"

मी दारातून बाजूला झाले. मग म्हणाले, "आत ये. बस."

त्या दिवशी मी पुस्तक मिटलं. चार पोरं वरच्या गल्लीतल्या चौकात उभी केली, चार खालच्या हौदापाशी. सहा खेपा आम्ही मोजल्या. वहीत रेघा मारायच्या, पाच रेघांचा एक जुडगा. घागरी थोड्या लहानमोठ्या होत्या, म्हणून मी पोरांना सरासरी काढायला लावली. एका खेपेमागं आलेले आकडे फळ्यावर मांडले. वरच्या गल्लीत चाळीस घरांना दोनशे चाळीस घागरी. खालच्या वस्तीत पंचवीस घरांना साठ.

"घरामागं वर सहा, खाली दोन अन् थोडं," पोरांनी काढलं. "पाचास दोन."

मी शाबासकी देणार तेवढ्यात ती मुलगी उठली. "घरं न्हाई बाई, माणसं मोजा. पानी घर पीत न्हाई."

पोरं पुन्हा घरोघर गेली. वरच्या गल्लीतल्या चाळीस घरांत दोनशे माणसं निघाली. खालच्या पंचवीस घरांतही दोनशेच. माणसं सारखी, पाणी दोनशे चाळीस आणि साठ. फळ्यावर उत्तर आलं : चारास एक. त्या दिवशी वर्गात नियम कुणी घोकला नाही. अडतीसच्या अडतीस पोरांना प्रमाण म्हणजे काय ते कळलं होतं. मास्तरकीच्या अख्ख्या आयुष्यात एवढा चांगला तास माझा दुसरा झाला नाही.

मग तिनंच विचारलं, "बाई, तुमच्या घरी किती घागरी?"

मी वरच्या गल्लीत एका किराणा दुकानदाराच्या घरी खोली घेऊन राहत होते. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, माणूस सज्जन. टँकर आला की त्याची बायको माझ्या दारात दोन घागरी आणून ठेवायची. "बाई एकट्या हायत, त्यान्ला कुठं रांगेत उभं करायचं," म्हणायची. मी त्या पाण्यानं आंघोळ करायचे, साडी धुवायचे, उरलेलं तुळशीला घालायचे.

"दोन," मी सांगितलं.

"आमच्याबी घरी दोनच," ती म्हणाली. "आमी नऊ जन हाव."

तिनं ते स्वतःच फळ्यावर लिहिलं. नवास एक. खडू परत ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग मला आला होता, पण आधी स्वतःचा आला आणि तो कुणाला दाखवायची सोय नव्हती.

फळा मी पुसला नाही. दुसऱ्या दिवशी सरपंच शाळेत आले. पोरांनी घरी जाऊन सांगितलं असणारच. त्यांनी दारातूनच फळा वाचला, हेडमास्तरांकडं पाहिलं आणि म्हणाले, "गुर्जी, शाळेत बाई पोरं शिकवायला ठेवल्यात का गावात भांडनं लावायला?"

हेडमास्तर वयस्कर होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांनी डस्टर उचललं आणि माझ्यादेखत, सगळ्या वर्गादेखत, फळा पुसला. शाळेतला फळा मुलांच्या डोळ्यांसमोर भीतीपोटी पुसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मी म्हणाले, "गुरुजी, गणित चुकलंय का?" ते म्हणाले, "बाई, गनित बरोबर असलं म्हनून फळ्यावर ठिवायचं असतं असं न्हाई."

पण वह्या कोण पुसणार? त्या मुलीची आई आणि वस्तीतल्या सात-आठ बायका वही घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेल्या. तहसीलदार भेटले नाहीत. नायब तहसीलदारांनी वही ठेवून घेतली आणि शाळेकडून खात्री करून घेतो म्हणाले. बायका खूश होऊन परत आल्या. खात्री शाळाच देणार म्हटल्यावर त्यांना काळजी नव्हती.

चार दिवसांनी जीप आली. शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी. सातवीच्या वर्गात बसले, गुणोत्तराचा एक प्रश्न विचारला. पोरांनी पटापट उत्तर दिलं. "वा! बाई, चांगली तयारी आहे," म्हणाले. मग ऑफिसात बसून चहा पिता पिता त्यांनी एक कागद माझ्यासमोर सरकवला. खुलासा मागितला होता. शिक्षिकेनं गावातल्या पाणीवाटपासंबंधी विद्यार्थ्यांकडून माहिती गोळा करून घेतली, हे खरं आहे काय?

"बाई, तुमचा प्रोबेशनचा काळ आहे," ते म्हणाले. आवाज अगदी मायेचा. "लिहून द्या, उदाहरणातले आकडे काल्पनिक होते. पुस्तकातले असतात तसे. विषय संपला. तुम्हालाही त्रास नाही, आम्हालाही नाही."

मी एकवीस वर्षांची होते. घरी धाकट्या तीन बहिणी होत्या आणि मी कमावती झाले म्हणून आई पहिल्यांदा निवांत झोपत होती. हे सगळं खरं आहे, पण मी ते कारण म्हणून सांगत नाही. मी लिहून दिलं. "सदर उदाहरणातील आकडे काल्पनिक आहेत." खाली सही केली. माझं अक्षर चांगलं आहे, त्या दिवशीही चांगलंच आलं.

त्या कागदाची नक्कल तहसिलात पोचली. इतर वेळी महिनोन् महिने न हलणारा कागद तीन दिवसांत पोचला, याची चीड मला आजही आहे. बायकांना वही परत मिळाली आणि वर ऐकवलंही गेलं, "तुमच्या बाईनंच लिहून दिलंय, आकडे खोटे हायत. कशाला येताव पुन्हा पुन्हा?"

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वेळेवर आली, पण आत आली नाही. दारातच उभी राहिली.

"बाई, आकडे खोटे व्हते का?"

"नाही गं."

"मग?"

मी तिला आत ये म्हणाले. ती म्हणाली, "न्हाई बाई, हितंच बरं हाय," आणि दाराबाहेर पूर्वीच्याच जागी उभी राहून दिवसभर फळ्यावरचं उतरवत राहिली. मी तिला कितीदा तरी तिथं उभं केलं होतं. त्या दिवशी ती आपणहून उभी राहिली आणि मला शिकवता येईना.

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर मी वस्तीत गेले. तिच्या आईला म्हणाले, "सोमवारी कचेरीत जाऊ. मी येते." ती म्हणाली, "बाई, तुमी येता खरं, पन तिथं जाऊन काय बोलनार? पुन्हा दुसरंच लिहून दिलं तर?" तिला तो अधिकार होता. मी तिच्यासमोर बसून कागद लिहिला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. आधी दिलेला खुलासा मी दबावाखाली दिला, तो चुकीचा आहे, आकडे विद्यार्थ्यांनी माझ्या देखरेखीखाली सहा खेपांत प्रत्यक्ष मोजले आहेत, वाटल्यास कुणीही येऊन मोजावं.

सोमवारी आम्ही दहा-बारा जणी गेलो. त्या मुलीलाही मी सोबत घेतलं, शाळा बुडवून. नायब तहसीलदारांनी कागद वाचला. "बाई, तुम्हाला कळतंय का, दोन खुलासे दिल्यावर दोन्ही खोटे धरता येतात?"

"मग मोजा," मी म्हणाले. "टँकर उद्या आहे. तुमचा माणूस पाठवा."

तेव्हा ती मुलगी पुढं झाली, वही टेबलावर उघडली आणि सांगायला लागली. हे वरचे, हे खालचे. इथं माणसं. ह्याला ह्यानं भागायचं. त्यांनी मधेच एक आकडा बदलून विचारलं, समजा वर तीनशे घागरी असत्या तर? ती क्षणभर वर बघून म्हणाली, "तर पाचास एक. साहेब, तुमी वाढवून कशाला बघताव, कमी करून बघा की." कोपऱ्यातला कारकून फसकन हसला. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला. त्या माणसाची मोजणी आमच्या मोजणीपेक्षा सहा घागरींनी वेगळी आली. एवढाच फरक.

आठवड्यात आदेश आला. टँकर एक खेप आधी वर, एक खेप आधी खाली, आणि पहिल्या थांब्यावर अर्ध्यापेक्षा जास्त पाणी सोडायचं नाही. पहिल्यांदा खालचा हौद निम्म्यापर्यंत भरला तेव्हा मी तिथं नव्हते. वर खोलीत बसले होते. दुकानदारीणबाई आल्या, दारात एकच घागर ठेवली आणि म्हणाल्या, "बाई, आता एवढीच." त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. थोड्या वेळानं पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, "मला काय म्हाईत, खाली एवढे हाल असतील म्हनून." मला त्यांचा राग येईना. मलाही आधी कुठं माहीत होतं? दोघी एकाच गल्लीत राहत होतो आणि वस्तीच्या नि आमच्या मधे ओढा होता.

वार्षिक परीक्षेला तीन आठवडे असताना माझी बदली झाली. प्रशासकीय कारणास्तव. दुसरं कारण कागदावर नव्हतं. नवं गाव कर्नाटकाच्या सीमेवरचं, तिथली पोरं घरी कानडी बोलणारी. इकडं सातवीला गणित शिकवायला माझ्या जागी कुणीच आलं नाही. एका शिक्षिकेला धडा शिकवायचा म्हणून अडतीस पोरांचं वर्ष टांगणीला लावलं गेलं आणि त्याला नियमित कारभार म्हणायचं!

निघायच्या दिवशी फाट्यावर हेडमास्तर सोडायला आले. एसटी दिसल्यावर हळूच म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर व्हतं. मी तवाच वळखलं व्हतं."

"तेव्हा बोलला असतात तर?"

त्यांनी माझी ट्रंक उचलली आणि वर चढवली. मी त्यांना नमस्कार केला नाही. आज त्यांच्या वयाची झाल्यावर तरी तो करायला हवा होता असं वाटावं, पण वाटत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मला एक पोस्टकार्ड आलं. अक्षर तिचं. सातवीत ती पास झाली होती, आठवीला दुसऱ्या गावच्या हायस्कुलात चालत जात होती. खाली लिहिलं होतं, "नवे साहेब आलेत. जुना आदेश त्यांना सापडेना. टँकर पुन्हा आधी वरच जातो. आम्ही मोजलं. आता साडेतीनास एक आहे. परवा कचेरीत जाणार आहोत. तुम्ही लिहून द्याल का?"

मी त्याच दिवशी लिहून दिलं. पण कार्ड हातात धरून मी कितीतरी वेळ धुमसत होते. एकदा बरोबर ठरलेलं गणित एखाद्या पोरीनं दर उन्हाळ्याला नव्या साहेबापुढं पुन्हा सोडवून का दाखवायचं?