टीनाचं ट्रेनिंग आणि माझा पटकनपणा

किया ओरा मंडळी. आज सकाळी वर्कशॉपमध्ये तोंडावर पडलो, ते सांगतो.

ईस्ट टामाकीला माझं पत्र्याचे डक्ट, म्हणजे इमारतीत हवा फिरवणारे चौकोनी पाइप, बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. सहा आठवड्यांपूर्वी पापाकुराच्या टीनाला कामावर घेतलं. वय पन्नास, आधी सुपरमार्केटमध्ये होती. तिला काम शिकवायचं, या अटीवर तिच्या पगारातला काही भाग सरकार देतं.

आज सरकारी ऑफिसातली बाई पाहणीला आली. ट्रेनिंगच्या फॉर्मवर मी सगळं टिक करून ठेवलं होतं. तिने टीनाला पत्रा वाकवायचं मशीन सेट करून दाखवायला सांगितलं.

टीना शांतपणे म्हणाली, "मी कधी केलं नाहीये. याला करताना मात्र हीप्स वेळा, अगदी ढीगभर वेळा पाहिलंय."

खरं होतं. ती मशीनपाशी गेली की मी म्हणायचो, "थांब, मी पटकन करतो." घरी मुलीच्या सायकलची चेनही मीच बसवतो. तिला अजून येत नाही.

महिन्याभरात टीना शिकली नाही तर मदत बंद, असं सांगून बाई गेली.

मग मी टीनाच्या हातात पाना दिला आणि स्वतःचे हात खिशात घातले. माझं दहा मिनिटांचं काम, तिला पन्नास लागली. दोन पत्रे वाया गेले. तिसरा बरोबर काटकोनात वाकला.

चौथा लावता लावता ती म्हणाली, "तू जा आता, चहा घे."

सहा आठवडे मी ते दोन पत्रे वाचवत होतो. तुम्ही काय वाचवताय?