गार लागलं

लोणावळ्याच्या दवाखान्यात मी डॉक्टरीणबाईंना लिहिण्यात मदत करत असे. एकदा भुशीकडची एक बाई दंडावरचा फिकट चट्टा पदराखाली झाकून आली. महारोग निघाला तर घरचे तिला गोठ्यात ठेवणार होते, तान्ह्या लेकीपासून लांब.

डॉक्टरीणबाईंनी काचेच्या दोन नळ्या भरल्या, एक गार पाण्याची, एक कोमट. "डोळे मीट. या रोगात गार-ऊन कळवणारे मज्जातंतू आधी मरतात. लागेल तेच सांग."

"गार!"

"अगं, अजून लावलीच नाही!"

ती ओशाळली. "सासूम्होरं आदीच व्हय म्हनायची सवय हाय, बाई."

मग नळी चट्ट्यावर टेकली. माझी लेखणी थांबली. एकाएकी तिच्या दंडावर काटा उभा राहिला.

"गार! लय गार!"

नळ्या दहादा बदलल्या. दहाही वेळा ती बरोबर बोलली. आजवर मला थंडी नुसती वाजत आली होती. ती कळवणारं कातडीत कुणीतरी सतत जागं असतं, हे मी त्या दंडावर पाहिलं.

"साधा डाग आहे. जा घरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ती उठली नाही. तिनं आपणहून डोळे मिटले आणि दंड पुढं केला.

"आनिक एकदा गार लावा की, बाई."