कॅमेरा आला की टँकर येतो

रश्मी ओव्हाळ तळेगाव ढमढेऱ्याची. वडील एसटीत कंडक्टर. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना एका नातेवाइकाच्या लग्नात तिने व्हिडिओवाल्याचा कॅमेरा पाच मिनिटे धरायला घेतला आणि तेव्हापासून तिचा जीव त्यातच अडकला. आज ती अडतीस वर्षांची आहे. बाजारपेठेत तिचा स्टुडिओ आहे. लग्न, बारसे, सेवानिवृत्तीचा सत्कार, कशालाही जाते. त्यावर घर चालते. उरलेल्या दिवसांत ती माहितीपट करते.

पहिला माहितीपट वीटभट्टीवरच्या मुलांवर होता, दुसरा कंत्राटी कामगार बायकांवर. दोन्हींना बक्षिसे मिळाली. मुले अजून भट्टीवरच आहेत आणि बायका कंत्राटावरच. कुणी अभिनंदन करू लागले की रश्मी विषय बदलते.

तिसरा विषय पाण्याचा होता. राहू गावाच्या पुढे नदीकाठी पिंपळदरे नावाचे गाव आहे. चहूकडे ऊस. नदीला बारमाही पाणी, पण काळे आणि फेसाळ. ते झिरपून विहिरी आणि बोअर पिवळे पडलेले. गावठाणात फिल्टरचे पाणी मिळते. बौद्धवस्तीत नळ आहेत, पाणी नाही. तिथे टँकर येतो, म्हणजे यायला हवा. कधी दहा दिवसांनी येतो, कधी वीस. रश्मीला ते मधले दिवस टिपायचे होते: हंड्यांची रांग, आणि उसाला सुटलेल्या पाटाच्या कडेने पिण्याच्या पाण्यासाठी मैलभर चालणाऱ्या, वस्तीतल्या ताईबाई नावाच्या मावशी. दिल्लीच्या एका संस्थेने तिची निवड केली होती. मार्चअखेर फिल्म पोचली, तर ती पाणीपुरवठ्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बैठकीत दाखवली जाणार होती. या वेळी ट्रॉफी नको, नळाला पाणी हवे, असे तिने स्वतःशी ठरवले होते.

नोव्हेंबरात ती पहिल्यांदा गेली. तिने कॅमेरा लावला आणि अर्ध्या तासात टँकर आला. योगायोग असेल म्हणून ती परतली. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला टँकरच्या मागून बुलेटवर आनंदराव आले. सरपंच त्यांची बायको सुवर्णाताई. पण सही सोडून सगळा कारभार आनंदरावच बघत.

"मॅडम, आधी कळवत जावा. बाया जरा चांगल्या साड्या नेसतील. गाव चांगलं दिसलं पायजे."

"आप्पा, मला टँकर नसतानाचं शूटिंग करायचंय."

"नसताना?" आनंदराव हसले. "लग्नात नवरदेव नसताना शूटिंग करता का तुम्ही?"

पुढच्या खेपांना रश्मीने स्टुडिओचे नाव लिहिलेली व्हॅन घरी ठेवली. ओळखीच्या भाजीवाल्याच्या पिकअपमधून गेली, कॅमेरा कांद्याच्या गोणीत घालून. वार बदलला, वेळ बदलली. सकाळी सातला पोचली, तर पावणेआठला टँकर हजर. सात खेपांत तिच्याकडे सात टँकर जमा झाले. ओसंडून वाहणारे हंडे, हसणाऱ्या बाया, पाइपाखाली नाचणारी पोरे. हे चित्रण एखाद्या ग्रामपंचायतीला आदर्श गावाच्या पुरस्कारासाठी चालले असते. रश्मी ते संगणकावर बघायची आणि खुर्ची मागे सारून उठायची.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ती आठव्यांदा गेली. या वेळी वस्तीच्या बरीच अलीकडे उतरली आणि गोणी खांद्यावर घेऊन उसाच्या बांधावरून चालत घरांच्या मागच्या बाजूने आली. ताईबाई परसात पाठमोऱ्या उभ्या होत्या. फोन कानाला होता.

"व्हय आनंदराव, लांब रस्त्याला पिकअप दिसली मला. क्यामेरा असंल की, असतोच. म्हटलं तुमाला सांगून ठिवावं. रिकामं हंडं त्यात जायला नकोत."

फोन ठेवून त्या वळल्या. दचकल्या नाहीत.

"जयभीम. ये. निस्त्या दुधाचा च्या करते, पानी यायचंय अजून."

"मावशी, तुम्हीच कळवत होता?"

"मग काय टीव्हीवर सांगत्यात?"

"पहिल्यापासून?"

"पयल्यांदा टँकर आपसूक आला. तवा कळलं, आनंदराव क्यामेऱ्याला भितोय. दुसऱ्या बारीपासनं मी फोन लावते. अठरा वर्सं अर्ज लिवलं बाई. तुझ्या त्या डब्याइतकं एकबी चाललं न्हाई."

रश्मी दगडावर बसली. पाच महिन्यांच्या खेपा तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या. रडावे की भांडावे, तिला कळेना.

"मावशी, एक दिवस फोन करू नका. फक्त एक दिवस. रांग लागू दे. ती वर दाखवली, तर नळाला कायमचं पाणी येईल."

"येईल?"

रश्मीला वीटभट्टी आठवली. "येईल असं वाटतं," ती म्हणाली.

"उद्या माझ्या लेकीला, गौतमीला बघायला पाव्हनं येनारेत. तेरा मानसं. त्यांच्या म्होरं काय ठिवू, तुला वाटतंय त्ये?"

मग रश्मीला सुचले. खरी फिल्म तर या फोनची होती.

"मग फोन करताना तरी तुम्हाला घेऊ द्या."

"त्ये दिसलं की संपलं. आनंदराव काय खुळा हाय व्हय?"



टँकर आला. मागून बुलेट. बाया हंडे घेऊन धावल्या. रश्मीचा कॅमेरा गोणीतच होता. ताईबाईंनी तिला कोपराने ढोसले.

"धर की. बघतोय त्यो."

रश्मीने कॅमेरा खांद्यावर घेतला, पण बटण दाबले नाही. आनंदरावांनी दोन मुलींची लग्ने थाटात लावली होती. शूटिंगमधले त्यांना कळत होते.

"मॅडम, लाल दिवा लागला न्हाई."

तिने बटण दाबले.

शेवटचा हंडा भरल्यावर ताईबाईंनी विचारले, "आता कवा येशील?"

"गुरुवारी शिरूरला लग्न आहे."

"मग शुक्रवारी ये. ह्ये पानी काय त्याच्या फुडं पुरत न्हाई."

"येते," रश्मी म्हणाली.

संध्याकाळी स्टुडिओत बसून तिने दिल्लीच्या संस्थेचा मुदतवाढीचा फॉर्म उघडला. विलंबाच्या कारणांची यादी दिलेली होती: आजारपण, हवामान, यंत्रातील बिघाड, परवानगी नाकारली, इतर. 'इतर'पुढे एका ओळीची जागा होती. तिथे तिने तीनदा लिहिले आणि तीनदा पुसले. मग 'हवामान'वर खूण करून फॉर्म पाठवून दिला.