वेंटिलेटरवर असताना मला काय ऐकायचं होतं

“हा गुलेन बॅरी सिंड्रोम आहे,” न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले. “श्वासाचे स्नायूही यात सापडू शकतात. आत्ताच आयसीयूत हलवू या.”

तेव्हा मला बोलता येत होतं. “किती दिवस लागतील?” मी विचारलं.

“ते आजार ठरवेल.”

गुलेन बॅरीत शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. बहुधा पायांपासून सुरुवात होते आणि अशक्तपणा वर चढत जातो. मला आधी जुलाब झाले होते. ते थांबून आठवडा गेल्यावर तळपायांना मुंग्या आल्या. मी हडपसरच्या एका शाळेत गणित शिकवते. नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिताना हातातून खडू तीनदा पडला. पोरं हसली, मीही हसले. दुसऱ्या दिवशी जिना चढता येईना, तिसऱ्या दिवशी खुर्चीतून उठता येईना. दवाखान्यात जायला मी जो उशीर केला, तो तुम्ही करू नका.

आयसीयूतल्या दुसऱ्याच दिवशी माझा श्वास अपुरा पडायला लागला आणि मला वेंटिलेटरवर घेतलं. वेंटिलेटर म्हणजे तुमच्या वतीने श्वास घेणारं यंत्र. औषध सुरू झालं होतं, आयव्हीआयजी. दात्यांच्या रक्तातली प्रतिद्रव्यं गोळा करून ती शिरेतून देतात. पाच दिवस ते चाललं. पुढे गळ्याला छोटं छिद्र करून नळी तिथून आत घातली. त्याला ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात.

या आजाराची एक गोष्ट नातेवाइकांना लवकर उमगत नाही. पेशंट निपचित असतो, पण शुद्धीत असतो. मला सगळं ऐकू येत होतं. शेजारच्या पलंगावरच्या आजोबांचं काय झालं, ते मी पडद्यामागून ऐकलं. माझ्याबद्दल “रिस्पॉन्स नाही” असं म्हणणारा शिकाऊ डॉक्टरही ऐकला. हात, पाय, जीभ, काहीच हलत नव्हतं. पापण्या तेवढ्या, त्याही जड, मिटत होत्या. माझा नवरा नितीन याने खूण ठरवली. एकदा मिटलं की हो, दोनदा मिटलं की नाही.

तिसऱ्या आठवड्यात बोटं किंचित हलली. आयसीयूच्या मुख्य डॉक्टर केळकरबाईंनी वीनिंग सुरू केलं. वीनिंग म्हणजे यंत्राचा आधार थोडा थोडा काढून पेशंटला स्वतः श्वास घ्यायला लावणं. पहिल्या दिवशी आधार कमी केला आणि मला वाटलं, कुणीतरी विहिरीत ढकललं. छाती धडधडली, श्वास उथळ आणि भरभर झाला, अलार्म वाजले. चार मिनिटांत त्यांनी आधार परत वाढवला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर त्या नुसत्या यंत्राजवळ आल्या तरी माझी नाडी वाढली.

“स्नायूंत थोडी ताकद आलीय,” त्या नितीनला म्हणाल्या. “पण त्या घाबरतात आणि ट्रायल फसते. झोपेचं औषध दिलं तर श्वास मंदावतो. अडचण ही आहे.”

नितीन एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, हे त्याचं काम. त्या संध्याकाळी माझी नणंद शोभाताई वारज्याहून आली. तिच्या हातात एक पत्रक होतं. वाघोलीचे कुणी गृहस्थ संगीताने सगळे आजार बरे करतात, एका माणसाचा अर्धांगवायू बरा केला, असं त्यात लिहिलेलं. नितीनने ते डॉक्टरांना दाखवलं.

त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं. “अहो, हे आयसीयू आहे, मंगल कार्यालय नाही. एकाला गुण आला म्हणजे औषध ठरत नाही. आजवर झालेले सगळे अभ्यास मिळून काय म्हणतात, ते असेल तर आणा.”

त्यांनी ते त्याला वाटेला लावण्यासाठी म्हटलं असावं. नितीनने शब्दशः घेतलं.

घरी इंटरनेट नव्हतं. कंपनीत होतं. तो दोन दिवस काम संपल्यावर तिथेच बसला. तिसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेत, वेंटिलेटरवरच्या पेशंटना संगीत ऐकवण्याबद्दलच्या कागदांचा गठ्ठा घेऊन आला आणि माझ्या उशाशी बसून मला समजावू लागला. आयसीयूत आल्यापासून मला कुणी काही समजावून सांगण्याची ती पहिली वेळ.

“याला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात,” तो म्हणाला. “आधी ठरवायचं, प्रश्न काय आणि कुठले अभ्यास घ्यायचे. मग शोधून सगळे गोळा करायचे. आपल्याला आवडले तेवढेच उचलायचे नाहीत. प्रत्येकात खोट कुठे आहे ते तपासायचं आणि मग एकत्र निष्कर्ष काढायचा. आमच्या टेस्टिंगसारखंच आहे गं.”

मी एकदा पापणी मिटली.

डॉक्टर राउंडला आल्या. कागद चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “वेंटिलेटर लवकर सुटतो, असं यात सिद्ध झालेलं नाही.”

“नाही. मीही तेच वाचलं.”

“अभ्यास छोटे आहेत. आणि संगीत लागलंय हे पेशंटला कळतंच, त्यामुळे खरी तुलना अवघड.”

“तेही लिहिलंय. हिच्यासारखे पूर्ण लुळे पडलेले पेशंट तर जवळजवळ नाहीतच. पण वेंटिलेटरवरच्यांची भीती कमी होते, श्वास थोडा संथ होतो, एवढं बहुतेक ठिकाणी दिसतंय. आणि ती घाबरते म्हणून ट्रायल फसते, असं तुम्हीच म्हणालात.”

त्यांनी मॉनिटरकडे पाहिलं. त्या वेळी माझ्या छातीत काय चाललं होतं, ते मॉनिटरवर दोघांनाही दिसत असणार.

“चालेल,” त्या म्हणाल्या. “औषधाऐवजी नाही, औषधासोबत. वीस मिनिटं, आवाज कमी. या आजारात नाडी अचानक वरखाली होते, म्हणून सिस्टर शेजारी उभ्या राहतील. आकडे लिहून ठेवायचे. आठवड्यात काही दिसलं नाही तर बंद. आणि ते वाघोलीचे गृहस्थ इथे नकोत.”

दुसऱ्या दिवशी नितीनने माझ्या कानाला हेडफोन लावला. बासरी. मन शांत करणाऱ्या संगीताची सीडी म्हणून दुकानदाराने दिलेली. लांबच लांब सूर, संपतच नव्हता. तो बासरीवाला एका दमात किती वेळ वाजवतोय, याकडेच माझं लक्ष गेलं आणि माझा स्वतःचा दम कोंडला. नाडी वाढली. मी दोनदा पापण्या मिटल्या. पुन्हा दोनदा. नितीनची नजर मॉनिटरवर होती.

दोन दिवस त्या बासरीने माझा छळ केला. तक्त्यावरचे आकडे आधीपेक्षा वाईट आले. “उद्या शेवटचं बघू,” डॉक्टर म्हणाल्या. मी हादरले. बासरी बंद होणार याचा आनंद होता, पण तिच्यासोबत सगळंच बंद होणार होतं.

कल्पना सिस्टर यवतमाळच्या. हेडफोन काढताना त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. “ताई, हे नाही पाहिजे काय तुमाले?”

एकदा.

“दुसरं पाहिजे?”

एकदा. इतका वेळ मिटून ठेवली की त्यांना कळलंच.

त्यांनी नितीनला बोलावलं. त्याने वहीच्या कागदावर मुळाक्षरं लिहिली आणि एकेका अक्षरावर बोट नेऊ लागला. म आला, मी मिटली. मग अनुस्वार. तिथवर येईपर्यंत पापण्यांतला जोर संपला.

“मं... मंत्र!” त्याच्याबरोबर आलेली शोभाताई म्हणाली. “मी म्हटलंच होतं.”

मी दोनदा मिटल्या असाव्यात, पण नीट जमलं नसेल. डोळ्यांतून पाणी आलं. ते तिला भक्तीचं वाटलं. दुपारी ती मंत्रांची कॅसेट घेऊन आलीसुद्धा. बिचारी वारज्याला जाऊन परत आली होती. आज मी तिची थट्टा करते, पण त्या दुपारी मला तिचा भयंकर राग आला होता. तो राग दाखवायला शरीरात एकही स्नायू नव्हता.

नितीनने मात्र घाई केली नाही. “दोनच अक्षरांवर निष्कर्ष नको,” तो म्हणाला. माझ्या पापण्यांना जरा विसावा मिळू दिला आणि पुन्हा सुरुवातीपासून बोट फिरवलं. म, अनुस्वार, ड, ओ. तो थांबला. “मँडोलिन? तुझ्या बाबांचं?”

माझे वडील हडपसरजवळच्या मांजरी गावात ऊस लावायचे आणि दिवेलागणीला ओट्यावर बसून मँडोलिन वाजवायचे. कुठे शिकले नव्हते. गावातले हसायचे. ते गेले त्याच्या आधीच्या वर्षी माझ्या भावाने, दत्तूने, टेपरेकॉर्डर समोर ठेवून त्यांचं वाजवणं भरून घेतलं होतं.

दुसऱ्या सकाळी दत्तू आला. “आक्का, घावली बघ. माळ्यावर हुती, जुन्या पंपाच्या खोक्यात.”

डॉक्टरांनी यंत्राचा आधार कमी केला. विहीर समोर आलीच. मग कानात बाबांचं मँडोलिन सुरू झालं. तारा थोड्या उतरलेल्या. एका जागी ते चुकले, थांबले, खाकरले, “हं, पुन्यांदा,” म्हणाले आणि तीच ओळ परत वाजवू लागले. मी श्वास घेतला. उथळ होता. पुढचा घेतला. बाबा परत चुकले. मी त्या चुकीची वाट पाहत होते, मला ती पाठ होती. विहिरीचा विचार मधे कुठेतरी सुटला.

“पाच मिनिटं,” सिस्टर म्हणाल्या. मग, “नऊ.” पुढचे आकडे मी ऐकलेच नाहीत. डोळे उघडले तेव्हा डॉक्टर यंत्राकडे पाठ करून तक्ता लिहीत होत्या.

“वीस झाली,” त्या म्हणाल्या. “आज बास.”

त्यानंतरही सगळं सरळ झालं नाही. मध्ये छातीत संसर्ग झाला आणि पाच दिवस वाया गेले. एकदा मँडोलिन लावूनही ट्रायल फसली. तरी रोज थोडं थोडं करत यंत्र सुटलं, नळी निघाली. फिजिओथेरपीत उभं राहायला शिकले. वर्गात परत जायला वर्ष लागलं. पावलं अजून बधिर असतात, चप्पल निसटली तरी कळत नाही.

पुढे तपासणीला गेले तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, “मँडोलिनमुळे सुटला का हो वेंटिलेटर?”

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्या नसा भरून येतच होत्या. कदाचित त्याच दिवशी तसंही जमलं असतं. एका पेशंटवरून मी काही सांगणार नाही.”

मी गणिताची बाई. मला ते उत्तर पटलं. म्हणून तुम्हालाही सांगते, माझी हकिगत पुरावा म्हणून कुणाला दाखवू नका. कुणी संगीताने आजार बरा करतो म्हणालं, औषधं थांबवा म्हणालं, तर सगळे अभ्यास मिळून काय सांगतात ते आधी विचारा. नितीनच्या गठ्ठ्यात औषध बंद करून गाणं लावा असं कुठेच नव्हतं. आणि तुमचं माणूस निपचित पडलं असेल, तर त्याला काय हवं ते त्यालाच विचारा, कितीही वेळ लागो.

निघताना डॉक्टर म्हणाल्या, “आम्ही आता शुद्धीतल्या प्रत्येक पेशंटला विचारतो, काय ऐकायचंय. परवा एका आजोबांनी पाटीवर लिहिलं, ‘काही नको. त्या दोन सिस्टरना गप्पा मारायला बाहेर पाठवा.’”

“मग?”

“पाठवलं. आजोबा तासभर झोपले.”

मी हसले आणि काठी टेकत बाहेर आले. दाराशी कल्पना सिस्टर होत्या. त्यांचे आभार मानायला मी घरून चार वाक्यं ठरवून आले होते. त्यांच्यासमोर एकही आठवलं नाही. त्या माझ्या डोळ्यांकडे पाहत राहिल्या. मी एकदा पापणी मिटली.