शनिवारी सांगितलेली नावं

पेशवाईत पुण्यात आमची घरं बोटांवर मोजण्याइतकी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून घाट चढून आलेले यहुदी. शनिवारी आमचे तेलाचे घाणे बंद, म्हणून लोक आम्हाला शनिवार तेली म्हणत. मी मात्र घाण्याला कधी हात लावला नाही. एका सरदाराच्या दफ्तरात मोडी लिहायचो. शनिवारची रजा मागितली की थोरले कारकून म्हणत, आपण खुशाल विसावा घ्या, दौलत आम्ही सांभाळतो.

शनिवारी सगळे नागझरीकाठच्या एका घाण्यामागच्या खोलीत जमत. प्रार्थना आम्हाला थोडीच येई. ती आटोपली की आमच्यातली सर्वांत वयस्कर बाई, जिला सगळे मावशी म्हणत, इथल्या वस्तीची हकीकत सांगायची. घाट चढून कोण कुठल्या गावाहून आलं, पहिला घाणा कुणी मांडला, लढाईवर गेलेला कोण परतला नाही. आमची बखर म्हणजे ती बाई.

ते सगळं मोठ्या कापडावर लिहून खोलीत टांगायचं, असं एकदा ठरलं. लिहिता-वाचता येणारा मी एकटा, त्यामुळे माझी मान ताठ. पण मेख अशी की मावशी नावं शनिवारीच सांगायची. गेलेल्यांची नावं कामाच्या धांदलीत घ्यायची नाहीत, हा तिचा हट्ट. आणि शनिवारी आम्हाला बोरू हातात धरायची मनाई. रविवारी दफ्तरातून घरी येईपर्यंत निम्मं डोक्यातून उडालेलं असायचं. पुढच्या शनिवारी पुन्हा ऐकू, म्हणून मी निर्धास्त. एकदाही तिच्या दारात जाऊन विनवलं नाही. आळशी माणसाला धर्माचा केवढा आधार असतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

त्या पावसाळ्यात मावशी तापाने गेली.

आठवलं तेवढं मी लिहिलं, उरलेलं जुळवलं. पहिला घाणा मांडणाऱ्याचं नाव काही केल्या आठवेना. कुणाला विचारावं, तर विसरलो हे कबूल करावं लागणार. तिथे मी माझ्या आजोबांचं नाव घातलं. कापड टांगल्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं, तेव्हा तेवढी ओळ तोंडातल्या तोंडात उरकली.

एक अधू नजरेचा म्हातारा तेली पुढे आला. आपल्या आज्याचं नाव घेऊन म्हणाला, "पहिला घाणा त्यानं मांडला. त्याचं नाव कुठं हाय, दाव बरं."

त्याने नाव घेताच मला ते लख्ख आठवलं, मावशीच्या आवाजात. तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. नवं कापड लिहायला कितीसा वेळ लागला असता? पण सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हाताऱ्याचं बोट धरलं आणि माझ्या आजोबांच्या नावावर टेकवलं.

मरेपर्यंत तो दर शनिवारी त्या ओळीला बोट लावायचा आणि ते बोट ओठांना टेकवायचा. "तुझ्यामुळं आमचा म्हातारा ऱ्हायला," म्हणायचा. मी मान डोलवायचो. मला माझी फार लाज वाटायची, तरी डोलवायचो.

त्याच्यामागे त्याच्या घरात कुणी उरलं नाही. कापड अजून तिथेच आहे. ती ओळ दुरुस्त करायची म्हणून परवा बोरू घेऊन बसलो, तर त्याच्या आज्याचं नाव आता मलाही आठवत नाही.